दुपारच्या माधुकरीला गाणगापुरात कोण येतं? नृसिंह सरस्वतींच्या कथा आणि आजची वहिवाट

गाणगापूर (जि. कलबुर्गी) : मठातली दुपारची आरती आटोपली की गाणगापूरच्या गल्ल्यांमध्ये एकच गडबड उडते. कालपर्यंत ऑफिसात सह्या करणारे साहेब, दुकानाचा गल्ला सांभाळणारे शेठ, लग्नाला आलेल्या मुलीचे वडील असे सगळे जण हातात ताटली किंवा खांद्याला झोळी घेऊन दारोदार उभे राहतात. कुणी भाकरीचा तुकडा वाढतं, कुणी खिचडी, कुणी शिरा. किमान पाच घरं मागायची आणि मिळेल ते प्रसाद म्हणून खायचं, अशी रीत आहे. हिला माधुकरी म्हणतात. वाढणाऱ्यांची भाषा बहुधा कानडी असते, तर मागणाऱ्यांमध्ये मराठी, कानडी, तेलुगू सगळेच असतात. त्यावरून इथं कुणाचं अडत नाही.

या रिवाजामागं एक साधी समजूत आहे. नृसिंह सरस्वती स्वामी इथून निघून गेले, पण रोज दुपारी भिक्षेला गावात येतात. कोणत्या रूपात येतात ते सांगता येत नाही. म्हणून वाढणाऱ्यानं कुणालाच परत पाठवायचं नाही. आणि ज्या गावात प्रत्यक्ष गुरू भिक्षा मागतात, तिथं आपण मोठेपणा मिरवायचा नाही, म्हणून येणाऱ्यानंही एक दिवस मागून खायचं.

दत्तपरंपरेतल्या बहुतेक रिवाजांची घडण अशीच आहे. स्वामी सतत फिरतीवर राहिले. जिथं थांबले तिथं एखादी कथा राहिली आणि त्या कथेतून एखादी वहिवाट पडली. ही ठिकाणं आज महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश अशा चार राज्यांत विखुरलेली आहेत. त्यामुळं सीमाभागातल्या मराठी माणसाला गाणगापूर कधी परराज्यातलं वाटलंच नाही.

सुरुवात पिठापुरात

‘गुरुचरित्र’ या पोथीप्रमाणं दत्तात्रेयांचा पहिला अवतार श्रीपाद श्रीवल्लभ. त्यांचा जन्म आंध्रातल्या पिठापूरचा. सोळाव्या वर्षी घरचे लग्नाचं बघू लागले, तेव्हा आई-वडिलांचा निरोप घेऊन ते निघाले. काशी, बदरी करून गोकर्णाला आले, तिथं तीन वर्षं राहिले आणि शेवटी कृष्णेच्या पात्रातल्या कुरवपूर बेटावर स्थिरावले. हे बेट आज कर्नाटकच्या रायचूर जिल्ह्यात येतं, पण पलीकडचा काठ तेलंगणाचा. हैदराबादकडून येणारे भाविक मक्तलच्या बाजूनं येऊन नावेतून बेटावर जातात.

कुरवपूरच्या दोन कथांनी पुढची सगळी गोष्ट बांधली आहे. पहिली अंबिका नावाच्या विधवेची. मुलगा मंदबुद्धी, लोकांची बोलणी असह्य झालेली. ती मुलाला घेऊन कृष्णेत जीव द्यायला निघाली. श्रीपादांनी तिला अडवलं, शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं. पुढच्या जन्मी तुमच्यासारखा मुलगा व्हावा, असं तिनं मागितलं. तीच पुढं कारंजात जन्मली आणि तिच्या पोटी नृसिंह सरस्वती आले, असं पोथी सांगते.

दुसरी कथा एका परटाची. तो रोज श्रीपादांची सेवा करायचा. एकदा नदीत राजाचा थाटमाट बघून त्याच्या मनात आलं, असं सुख आपल्याला कधी मिळायचं? श्रीपाद म्हणाले, पुढच्या जन्मी मिळेल. तो बिदरचा मुसलमान राजा झाला. त्याच्या मांडीवर फोड उठला, काही केल्या बरा होईना, तेव्हा नृसिंह सरस्वतींना भेटताच तो बरा झाला आणि त्याला मागचा जन्म आठवला. हा राजा म्हणजे बहामनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन (मृत्यू १४५८) असावा, असं मत काही अभ्यासक मांडतात. बहामनी राजधानी तोवर गुलबर्ग्याहून बिदरला आलेली होती, हे इतिहासाला धरून आहे. बाकी ज्यानं त्यानं आपापल्या श्रद्धेनं घ्यावं.

कारंजा, औदुंबर, वाडी

विदर्भातलं कारंजा (लाड), आजचा वाशीम जिल्हा. परंपरेनुसार १३७८ मध्ये तिथं नरहरी नावाचा मुलगा जन्मला. मुंज होईपर्यंत तो ओंकाराशिवाय काही बोलला नाही. मुंजीत मात्र आईनं भिक्षा घातली तेव्हा तोंडून वेद बाहेर पडले. लहान वयात घर सोडून काशीला गेला, कृष्ण सरस्वतींकडून संन्यास घेतला आणि नृसिंह सरस्वती झाला. मग दक्षिणेकडं परत.

संन्याशानं एका जागी फार थांबू नये असा दंडक. अपवाद चातुर्मासाचा, म्हणजे पावसाळ्याचा. कृष्णाकाठच्या औदुंबरला (जि. सांगली) स्वामी असाच एक चातुर्मास राहिले. पलीकडच्या काठावर भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीचं देऊळ आहे. शिकता येत नाही म्हणून हिणवला गेलेला कोल्हापूरकडचा एक मुलगा देवीपुढं धरणं धरून बसला, वैतागून त्यानं जीभ कापून वाहिली. देवीनं त्याला स्वप्नात नदीपलीकडच्या संन्याशाकडं जायला सांगितलं. त्यानं पोहत नदी ओलांडली आणि स्वामींनी हात ठेवताच त्याला वाचा व विद्या आली. देवळातली देवी नदीपलीकडच्या फिरत्या माणसाकडं बोट दाखवते, अशी ही कथा आहे.

तिथून कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, म्हणजे नरसोबाच्या वाडीला (जि. कोल्हापूर) बारा वर्षं. इथली घेवड्याची कथा लहान पोरांनाही पाठ असते. एका गरीब ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल होता. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी घर त्या शेंगांवरच भागायचं. स्वामी भिक्षेला आले, बाईंनी घरात होती ती घेवड्याचीच भाजी वाढली. स्वामी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बाई रडायला लागली. नवरा मात्र म्हणाला, होतं ते बऱ्यासाठीच होतं. वेलाचं मूळ खणायला गेला तर खाली मोहरांचा हंडा निघाला.

वाडीच्या देवळात मूर्तीऐवजी पादुका पूजल्या जातात. स्वामी पुढं गेले, मागं पावलं ठेवून गेले, हा त्याचा अर्थ. औदुंबरच्या त्या विमल पादुका, वाडीच्या मनोहर पादुका आणि गाणगापूरच्या निर्गुण पादुका.

वाडीचं देऊळ नदीला इतकं लागून आहे की पावसाळ्यात कृष्णा थेट गाभाऱ्यात येते. पाणी उत्तरेच्या दारातून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला गर्दी उसळते. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती गावात उंचावर हलवतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सोहळ्याची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती आणि घरंच पाण्यात होती, हे शिरोळ तालुका विसरलेला नाही.

वाडीच्या देवळाला नेहमीसारखं शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, वाडीला येऊन ती परत आली, म्हणून बादशहानं हे देऊळ बांधून दिलं आणि औरवाड, गौरवाड ही गावं पुजाऱ्यांना इनाम दिली, अशी आख्यायिका सांगतात.

गाणगापूरचा मठ

वाडीहून स्वामी भीमा-अमरजेच्या संगमावर गेले. आधी मुक्काम संगमावरच होता. गावात ते फक्त भिक्षेला यायचे. एका गरिबाच्या दारी वांझ म्हैस बांधलेली होती. स्वामींनी घरच्या बाईकडं दूध मागितलं. ती म्हणाली, महाराज, ही कधी व्यालीच नाही, हिच्यावर आम्ही माती वाहतो. स्वामी म्हणाले, दोहून तर बघ. तिनं बघितलं आणि भांडं भरलं. ही बातमी गावच्या राजाच्या कानावर गेली आणि त्यानं पालखी पाठवून स्वामींना वाजतगाजत गावात आणलं.

गावात शिरताना वाटेत एक पिंपळ होता आणि त्यावर ब्रह्मराक्षस राहायचा, अशी पुढची कथा. स्वामींनी त्याला मुक्त केलं आणि तिथंच मठ झाला. आजही आरतीच्या वेळी मठात ‘बाधा’ झालेली माणसं ओरडताना, खांबांना लोंबकळताना दिसतात, त्याचं मूळ या कथेत आहे. अशा माणसांना घेऊन लांबून कुटुंबं येतात, महिनोन्‌महिने राहतात. यात मानसिक आजाराचे रुग्ण असतात. दर्शन घ्यायला कुणाची ना नाही. पण डॉक्टरांची औषधं मध्येच बंद केल्यानं आजार बळावतो, हे घरच्यांनी ध्यानात ठेवायला हवं. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या आणि कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

गाणगापूरच्या कथांमधले भक्त फार मोठे लोक नाहीत. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण तिघांपुरता शिधा बांधून आला, की एकदा आपल्या हातचं स्वामींना जेवू घालावं. बाकीचे हसले. स्वामींनी त्यालाच स्वयंपाक करायला लावला, वर सगळ्या गावाला आमंत्रण द्यायला सांगितलं. अन्नावर आपलं वस्त्र झाकायला दिलं आणि ते न काढता वाढायला सांगितलं. हजारो जेवले, उरलं ते पाण्यातल्या जीवांना घातलं. ही अडतिसाव्या अध्यायातली कथा.

दुसरा एक विणकर. त्याची सेवा एवढीच की रोज मठाचं अंगण झाडायचं. शिवरात्रीला घरचे सगळे श्रीशैलाला निघाले. हा म्हणाला, माझं श्रीशैल इथंच. लोकांनी वेड्यात काढलं. शिवरात्रीला स्वामींनी त्याला पादुका घट्ट धरून डोळे मिटायला सांगितलं. उघडले तर समोर श्रीशैलाची पाताळगंगा. देवळात गेला, तर मल्लिकार्जुनाच्या जागी स्वामीच बसलेले. त्याच दिवशी परतही आला. यात्रेकरू परतले आणि याला आम्ही तिथं पाहिला म्हणाले, तेव्हा कुठं गावाचा विश्वास बसला.

तिसरी गोष्ट हिप्परग्याच्या नरहरी कवीची. कल्लेश्वराच्या लिंगाचा हा निष्ठावंत पुजारी. माणसावर कविता करणार नाही, असा त्याचा बाणा. पूजा करताना डोळा लागला आणि लिंगाच्या जागी त्याला स्वामी दिसले. मग तो शरण आला.

विणकर आणि कवी या दोघांच्या कथा जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. त्या भागात श्रीशैल, कल्लेश्वर अशी जुनी शिवस्थानं आधीपासून होती. नव्या भक्तीनं ती मोडली नाहीत. तुमचा देव तोच, फक्त तो आता चालत तुमच्या दारी आला आहे, असं या कथांनी लोकांना सांगितलं. म्हणूनच कर्नाटकातल्या शैव घरांतही गाणगापूरची वारी सहज मिसळून गेली.

गेले, पण गेले नाहीत

गाणगापुरात वीसेक वर्षं राहून स्वामी श्रीशैलाकडं निघाले. गाव अडवायला लागलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, ते आजच्या सगळ्या वहिवाटीचं मूळ आहे. पहाटे संगमावर स्नान, दुपारी गावात भिक्षा, मठात पादुकांच्या रूपानं वास. लोकांच्या नजरेला मी गेलो, भक्तांसाठी इथंच आहे.

श्रीशैलाला कृष्णेच्या पात्रात शिष्यांनी फुलांचं आसन केलं. स्वामी त्यावर बसून पलीकडं निघाले. काही वेळानं नावाडी आले आणि सांगू लागले, ते पलीकडच्या काठाला भेटले, आपण गाणगापुरातच आहोत असा निरोप दिला. प्रसादाची फुलं वाहत आली, ती सायंदेव, सिद्ध अशा चौघा शिष्यांना मिळाली. ही तिथी माघ वद्य प्रतिपदा, गुरुप्रतिपदा.

इथं समाधी नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी आहे, सज्जनगडावर समर्थ रामदासांची आहे. गाणगापुरात मात्र गुरू कायम येण्याजाण्यात आहे. मठात लहानशा झरोक्यातून निर्गुण पादुका दिसतात, त्यांना पाण्यानं स्नान घालत नाहीत, अष्टगंध-केशराचा लेप देतात.

मराठी पोथी, कानडी घर

या सगळ्या कथा एकत्र आणणारं ‘गुरुचरित्र’ सरस्वती गंगाधरांनी मराठी ओवीत लिहिलं. ते सायंदेवाच्या वंशातले. सायंदेव यवनाच्या चाकरीत होता, जीव जायची वेळ आली तेव्हा स्वामींनी त्याला अभय दिलं. हाच तो चौदावा अध्याय, जो संकटात घरोघर वाचला जातो. या घराण्याचं गाव कडगंची, कलबुर्गी जिल्ह्यातलं. घरची भाषा कानडी असावी, असं अभ्यासक मानतात. पोथीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात चक्क कानडी पदं आहेत. बेळगाव, निपाणी, सोलापूर, मुंबई, कुठंही सप्ताह बसला की मराठी वाचणारा ती कानडी पदं जशीच्या तशी म्हणतो. अर्थ समजो न समजो, कुणी ती गाळत नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत गुलबर्गा, बिदर, रायचूर हे निजामी हैदराबादचे भाग आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमाप्रश्न तेव्हापासून धगधगतो आहे आणि त्यात मराठी भाषकांच्या मागण्या खऱ्या आहेत. पण गाणगापूरच्या दारात वाढणारी कानडी बाई आणि मागणारा मराठी माणूस हे त्याहून जुनं नातं आहे. त्यालाही याच भागात मूळ आहे.

पोथीची अवघड बाजू

‘गुरुचरित्रा’त सगळं आजच्या मनाला पटेल असं नाही. वर्णाश्रम, सोवळंओवळं, पतिव्रताधर्म यांचा त्यात आग्रह आहे, सहगमनाचं वर्णनही आहे. एका कथेत स्वामी मातंगाच्या तोंडून वेद वदवून गर्विष्ठ पंडितांची जिरवतात. पण अंगावरचं भस्म धुताच त्या माणसाला परत पूर्वीच्या जातीत पाठवलं जातं. गर्व मोडला, जात मात्र मोडली नाही. स्त्रियांनी पोथी वाचू नये, हा नियमही अनेक ठिकाणी सांगितला जातो. दुसरीकडं अनेक घरांत आज बायकाच सप्ताह करतात. दोन्ही बाजूचे भाविक आहेत आणि वाद मिटलेला नाही. परीट, विणकर, मुसलमान राजा यांना जवळ करणारी आणि हे नियम घालून देणारी पोथी एकच आहे, हे मान्य करूनच ती वाचावी लागते.

वाट पुढं चालू राहिली

श्रीशैलाच्या कर्दळीवनात गेलेले स्वामीच वारुळातून पुन्हा प्रकटले आणि १८५७ च्या सुमारास अक्कलकोटला आले, अशी श्रद्धा स्वामी समर्थांबद्दल आहे. १८७८ मध्ये त्यांनी तिथं देह ठेवला. सिंधुदुर्गातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामी (१८५४–१९१४) यांनी संन्यास उज्जैनला घेतला, आयुष्यभर पायी भारत पालथा घातला आणि नर्मदाकाठी गुजरातेतल्या गरुडेश्वरला देह ठेवला. त्यांची करुणात्रिपदी वाडीत म्हणतात तशीच इंदूरलाही म्हणतात. तिथं ती घरोघर पोचवण्यात त्यांचे शिष्य, ताराण्याचे नानामहाराज तराणेकर यांचा मोठा वाटा. गोध्र्याच्या मराठी घरात जन्मलेल्या रंग अवधूतांनी ‘दत्तबावनी’ गुजरातीत लिहिली, म्हणून बडोद्यातली मराठी आणि गुजराती घरं ती एकत्र म्हणतात. आणि बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीला पंत महाराजांची (१८५५–१९०५) मराठी पदं आजही भजनात असतात.

जाणाऱ्यांसाठी

गाणगापूरचे मोठे दिवस दोन : मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती आणि माघ वद्य प्रतिपदा. कुरवपूरला आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे गुरुद्वादशीला महत्त्व आहे. श्रीपाद त्या दिवशी कृष्णेत अंतर्धान पावले, असं मानतात. सोलापूर–कलबुर्गी रेल्वेमार्गावर गाणगापूर रोड स्टेशन लागतं, तिथून पुढं गाडीरस्ता. नवख्यांची एक गफलत नेहमी होते : याच मार्गावर पुढं लागणारं वाडी जंक्शन म्हणजे नरसोबाची वाडी नव्हे. त्या वाडीसाठी जयसिंगपूर किंवा मिरजेला उतरावं.

माधुकरीला जायचं तर ताटली घरूनच न्यावी आणि मिळालेलं टाकू नये. देण्यासाठी काही नेत असाल, तर रांगेत कोण उभं आहे, कुठल्या भाषेत मागतो आहे, हे बघत बसू नये. गाणगापुरात तसं बघायची पद्धत नाही.